ऐंशीच्या पुढे

हायवेला गाडी ऐंशीच्या पुढे गेली की घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. ‘तुझा पाय जड आहे,’ हे नवऱ्याचं निदान. गॅरेजवाल्याने बेअरिंग बदललं, तरी आवाज तसाच. ‘उद्यापासून तू एसटीने जा ऑफिसला,’ नवरा म्हणाला. तेव्हाच ठरवलं, आता आवाज मीच शोधणार.

शनिवारी कराडच्या रस्त्याला गाडी काढली. शेजारी सासूबाई, दाराची मूठ घट्ट धरून. ‘हळू गं.’ ऐंशीला मी गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, आवाज तेवढाच. म्हणजे इंजिन नाही. काच खाली केली, तर आवाज डोक्यावरून येत होता.

गाडी कडेला घेतली, दाराच्या चौकटीवर चढून पाहिलं. टपावरच्या कॅरियरच्या दोन दांड्यांमध्ये देवीच्या ओटीतल्या खणाची पट्टी ताणून बांधलेली. वाऱ्याने तीच घुमत होती.

सासूबाईंचा चेहरा उतरला. ‘तू चालवायला लागलीस तेव्हा मीच बांधली, देवीने तुला सांभाळावं म्हणून, स्टुलावर चढून. गाडी गॅरेजमधून आली की आणखी आवळायचे. कापून टाक.’

‘कापायची कशाला, आई?’ माझे वडील टेम्पोवरचा पट्टा नेहमी पिळून बांधायचे, म्हणजे तो वाजत नाही. मी गाठ सोडली, पट्टीला पीळ दिले, पुन्हा बांधली.

निघालो. साठ, सत्तर, ऐंशी. आवाज नाही.

सासूबाईंनी मूठ सोडली. ‘उद्या त्याला मागे बसवू,’ त्या म्हणाल्या. ‘आणि काय गं, शंभरला जाते का ही?’