पाण्याशिवाय किल्ला

ऑनलाइन गेममध्ये शत्रू वेशीपाशी आला होता आणि तिच्या संघातला एक अनोळखी खेळाडू तट बांधायचं सोडून विहीर खणत बसला होता. बाकीच्यांनी चॅटवर त्याला शिव्या घातल्या. त्याने एवढंच लिहिलं, "पाण्याशिवाय किल्ला कसला?"

माऊसवरचा तिचा हात थांबला. हे वाक्य तिने लहानपणी दर दिवाळीत ऐकलं होतं. अंगणातल्या मातीच्या किल्ल्याचा तट ती बांधायची, विहीर धाकटा भाऊ खणायचा. पुढे आईला कुणी सांभाळायचं यावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते आई गेल्यावरही तसंच राहिलं.

तो डाव ते जिंकले. पण तिची रँक त्याच्यापेक्षा बरीच वर होती. त्या दिवशी खेळाडू कमी होते म्हणून गाठ पडली. एरवी हा गेम बरोबरीच्यांनाच एका डावात आणायचा. मग पुन्हा गाठ पडावी म्हणून ती मुद्दाम हरू लागली. आता शिव्या तिला पडू लागल्या. रँक घसरत घसरत त्याच्या रँकवर येऊन टेकली.

अखेर तो भेटला, पण समोरच्या संघात. गेमला दोन्ही बाजू तोलायच्या, तर बरोबरीचे दोघे एकीकडे कसे ठेवणार?

या वेळी तिने तट बांधलाच नाही. आधी विहीर खणली. त्याचं सैन्य बिनबोभाट आत शिरलं आणि विहिरीपाशी थांबलं. तिचे साथीदार तिच्यावर ओरडत राहिले.

बऱ्याच वेळाने सगळ्यांना दिसणाऱ्या चॅटवर एक ओळ उमटली.

"ताई, तट तुझ्याकडे होता ना?"