डाव्या बाजूची शिवण

अनुसयाच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलीनं, ऋतुजानं, आईचा जांभळा ब्लाउज इंदुताईंच्या शिलाईमशीनवर ठेवला. "काकू, माह्या मापाचा करून द्या." इंदुताईंनी डाव्या बाजूची शिवण उसवली, तशा आत सुईच्या छिद्रांच्या दोन जुन्या ओळी दिसल्या. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत, मग संक्रांतीला अनुसया हाच ब्लाउज घेऊन आली होती. "एकाच बाजूनं घट्ट होऊन राहिला वं." दुसऱ्यांदा तर टेपखाली टणक गाठही हाताला लागली होती. पण गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, हा इंदुताईंचा तीस वर्षांचा नेम. दोन्ही वेळा त्यांनी मुकाट्यानं शिवण सैल करून दिली. "धंतोलीचे डॉक्टर म्हणे, वेळेवर आणलं असतं तर वाचली असती," ऋतुजा सांगत होती. "दुखतच नव्हतं तिले. कोणालेच समजलं नाही." इंदुताईंचं बोट छिद्रांवरच थांबलं. "मले समजलं होतं, पोरी."