सेट, रिसेट

“पाठ केलेलं नको, तुझ्या शब्दांत सांग. फ्लिप-फ्लॉप म्हणजे काय?” तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं. गेल्या वर्षी याच प्रश्नावर केतकी नापास झाली होती.

“शेवटचा हुकूम लक्षात ठेवणारं सर्किट, सर. सेट म्हटलं की चालू, रिसेट म्हटलं की बंद. नंतर कुणी बोललं नाही, तर आहे तसंच राहतं.”

“आणि सेट, रिसेट एकाच वेळी दिले तर?”

“आमच्या घरासारखं होतं, सर! आई म्हणते, पास झालीस की बंगळूरला नोकरीला जा. बाबा म्हणतात, अजिबात जायचं नाही. दोघं एकदम बोलून एकदम गप्प झाले, की पुढे काय होईल ते सांगता येत नाही.”

सर खळखळून हसले. “पास! मग, काय ठरलं घरी?”

“अजून कुठे गप्प झालेत, सर!”