मंगळावरची अंबाडी

ठाणेदार रामरावांनी भाकरीची दुरडी पालथी केली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि शेवटी कोनाड्यातली रॉकेलची चिमणी बाजूला सारली. तिच्यामागं दौत होती. बूच काढून त्यांनी वास घेतला. शाई ताजी होती.

"हे कोणाचं?"

मैनाबाई दारात उभी होती. भाजीची टोपली कमरेवर, पदर कपाळापर्यंत. "घरचंच हाय, सायेब."

रामरावांच्या मानेची शीर उडू लागली. दहा वाजत आले होते. संध्याकाळच्या पाचपर्यंत 'गगनविहारी' पोलीस कप्तानापुढं उभा करायचा, नाहीतर बदली धारणीला. तिथल्या हिवतापानं त्यांचा थोरला भाऊ गिळला होता.

गगनविहारी अकोल्याच्या एका मासिकात लिही. चौकटी आखून चित्रं काढायची आणि चित्राखाली गोष्ट, असा त्याचा शिरस्ता. सहा वर्षांपूर्वी त्याचं तांब्याचं विमान चंद्रावर गेलं तेव्हा लोक हसले. मग लोखंडाचा बोलका माणूस आला, पाताळातली आगगाडी आली, आणि अंकासाठी स्टेशनावर रेटारेटी होऊ लागली. आता बेचाळीसच्या भादव्यात चालू होता मंगळावरचा उठाव. दहाव्या भागात मंगळाच्या लोकांनी आंबे उतरवायच्या आकडीला विळा बांधून राजाच्या तारा तोडल्या. आठ दिवसांनी बडनेऱ्याजवळ सरकारच्या तारा तुटल्या. खांबाखाली विळा बांधलेली आकडी पडलेली होती.

छापखानेवाल्याला माणूस ठाऊक नव्हता. टपालानं कागद येतात अमरावतीहून, म्हणाला, आणि पाकिटाला सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास येतो. रामरावांनी सगळे अंक वाचून काढले. मंगळावर लोक लसणाची फोडणी दिलेली अंबाडी खात होते. लेखक माळी होता, यात त्यांना शंका उरली नाही. अंबानाल्याकाठी झडती घेतलेला हा तिसरा मळा.

"या घरात गोष्टी लिहितं कोण? नाव सांग."

"नाव कसं घेऊ, सायेब?" मैनाबाईनं पदर आणखी पुढं ओढला.

रामराव थबकले. मग मिशीत हसले. पुण्याकडचा अंमलदार असता तर दोन शिव्या हासडून गेला असता. पण ते अंजनगावचे. बाई ज्याचं नाव घ्यायला लाजते तो कोण, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"मंग उखान्यात घे ना, माय! लगनात घेतलंच असशीन."

तिनं टोपली खाली ठेवली. मग खाली मानेनं, कुठं न अडखळता म्हणाली,

"काळ्या रानात लागली चांदण्यांची केळ,
नत्थुजींचं नाव घेते, सायबाले नाई वेळ."

शिपाई शालिकराम खुदकन हसला. "जबरी हाय बाई!"

"चूप!" रामराव गरजले, पण मानेची शीर थांबली होती. टोपली तपासताना त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. "बोटं कायनं काळे झाले?"

"केळफूल निवडलं, सायेब. डाग जात नाई."

खरंच होतं. केळफूल निवडलं की त्यांच्या बायकोचे हातही आठ दिवस तसेच राहत.

टोपलीत वांगी, अंबाडी आणि सांबार. दुसरं काही नाही. नत्थुजीला निंदणावरून बोलावलं. पायाला चिखल, हातात खुरपं. त्यानं बायकोकडं पाहिलं, दौतीकडं पाहिलं आणि उकिडवा बसला.

"गगनविहारीच्या गोष्टी इथंच लिवतात?"

"इथंच, सायेब."

"घरात आनखी कोन?"

"आमी दोघंच."

"असं? मंग अजून न छापलेला भाग सांग."

नत्थुजीनं खुरपं खाली ठेवलं. "राजाचे शिपाई आकडीवाल्याले हुडकून राहिले. घरोघर जातात. कोनी कोनाचं नाव सांगत नाई. शेवटी वावरातली अंबाडी उपटतात अन् तिलेच बेड्या घालून नेतात."

"मंग?" शालिकराम पुढं सरकला.

"तू बाहेर जाय!" रामराव खेकसले. त्यांनाही पुढचं ऐकायचं होतं, म्हणून राग जास्त आला. पण खात्री पटली. हे कुठल्याच अंकात आलेलं नव्हतं.

"सायेब," मैनाबाई हळूच म्हणाली, "अकोल्याची गाडी चुकीन. भाजी सुकली तं कोनी हात लावत नाई."

माणूस हाती लागला होता. रामरावांचं मन मोठं झालं. बडनेऱ्याला झडती चालू होती, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: बाईस अडवू नये. टोपली उचलताना तिची चुंबळ खाली पडली. ती त्यांनीच उचलून दिली. चिंध्यांची चुंबळ हाताला जरा कडक लागली.

"भाकर झाकून ठेवली हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू जाय. कुठं थांबू नको."

ठाण्यावर रामरावांनी स्वतःच जबानी लिहिली. चार पानं झाली. आता ते खुशीत होते.

"नत्थुजी, सुटून आला की एक केळफूल धाडजो आमच्या घरी."

"केळी कुठची, सायेब? दोन साल झाले, एक खांब नाई राह्यला मळ्यात."

"बरं, बरं," रामराव म्हणाले. त्यांचं लक्ष शेवटच्या ओळीत होतं. घड्याळात तीन वाजले होते. अकोल्याची गाडी केव्हाच पोचली असेल. त्यांनी पानं नत्थुजीपुढं सरकवली, टाक शाईत बुडवून त्याच्या हाताशी धरला.

"कर सही. एवढ्या मोठ्या लेखकाची सही आमी बी पाहू दे."

नत्थुजीनं टाक बाजूला सारला. मग त्यानं डावा अंगठा धोतराला पुसला आणि पुढं केला.

"शाई लावा, सायेब."