चार नंबरचं टर्मिनल

एकदा घाईघाईत ऑपरेटरबाईंनी दुसऱ्याच कुणाचं तरी चालू काम बंद पाडलं होतं. तेव्हापासून त्या ताकही फुंकून प्यायच्या. मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं कुठलंही टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, बंद करण्याआधी ‘टीटीवाय’ ही तीन अक्षरं टाइप करायची, की आपण स्वतः कितव्या टर्मिनलवर बसलोय ते कॉम्प्युटर सांगतो.

सकाळी साहेबांचा फोन आला. “बाई, चार नंबर बंद करा.”

बाईंनी सवयीने तीन अक्षरं टाइप केली. उत्तर आलं, चार.

टेबलावर तर दोनची चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरातली, नऊ वर्षं चिकटलेली. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा चार.

“साहेब, चारवर तर मीच आहे.”

“थट्टा पुरे. आत्ताच तुम्ही दोनवरून कळवलंत ना, चारवर भलतंच कुणीतरी शिरलंय म्हणून?”

“मी नाही कळवलं.”

साहेब दबक्या आवाजात म्हणाले, “कोण बोलतंय?”

बाईंनी तोंड उघडलं. पण त्याआधीच फोनमधून त्यांचाच आवाज आला, शांत, कामात गढलेला.

“मी बोलतेय, साहेब. करते बंद.”