अडकलेली तक्रार

नव्वदच्या दशकाअखेर नरडाण्याच्या एका कारखान्यातले संगणक एकमेकांना जोडले गेले. तिथे संगणकाचं काम पाहणाऱ्या देवचंदने त्यावर यंत्रांच्या तक्रारींचा फॉर्म बनवला. पण त्याचा प्रोग्राम बिघडला की पगाराचं कामही ठप्प होई. साहेब वैतागले. मग देवचंदने आपला प्रोग्राम असा अलग केला, की तो कोलमडला तरी दुसरं काही अडू नये. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि एके दिवशी प्रेस मशीन चालवणाऱ्या निंबाची बोटं त्यात चिरडली. दुसऱ्या सकाळी देवचंदने संगणक उघडला. ब्रेक लागत नसल्याची तक्रार निंबाने आधीच भरली होती. पण प्रोग्राम मध्येच बंद पडलेला, बाकी काही न अडल्याने कुणाला पत्ताच नाही. तक्रार दुरुस्तीवाल्यांपर्यंत गेलीच नव्हती.

देवचंदने तसाच धुळ्याचा दवाखाना गाठला. निंबाच्या उशाशी बसून सगळं सांगितलं आणि मान खाली घालून शिव्यांची वाट पाहू लागला.

निंबा कसाबसा उठून बसला.

"मंग भाऊ, ती तक्रार अजून तठेच अडकेल शे का? त्या प्रेसवर मन्हा जागावर आज तो पोऱ्या हिलाल उभा शे."