चारशे ऐंशी मीटर

मोजणीबाई चाक ढकलतच सभागृहात शिरल्या. लांब दांड्याचं, फिरेल तसे मीटर दाखवणारं ते मोजणीचं चाक. शिपाई म्हणाला, बाई, हे बाहेर ठेवा, गालिचा खराब होईल. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाकाला ओला चिखल होता, दारापासून टेबलापर्यंत त्याची रेघ उमटत गेली.

टेबलाच्या एका टोकाला घरांचे साहेब, दुसऱ्या टोकाला रस्त्यांचे साहेब. एकाचं खातं तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्याचं पाचव्यावर. मधला जिना या दोघांपैकी कुणी चढल्या-उतरल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. शहर बिचारं दोघांची वाट न पाहता वाढत होतं.

समोर दाखला ठेवला होता, चार हजार घरांच्या नव्या वसाहतीचा. बसथांबा पाचशे मीटरच्या आत असला की वेगळी बस द्यावी लागत नाही, असा नियम. दाखल्यावर ठसठशीत टाइप केलेलं होतं: अंतर ४८० मीटर. खाली मोजणीबाईंच्या सहीपुरती जागा रिकामी.

हे अंतर पट्टीनं काढलं होतं. घरांच्या नकाशात मधला कालवा नव्हताच. कालवा पाचव्या मजल्याचा, मग तो आपण कशाला काढायचा, ही तिसऱ्या मजल्याची जुनी रीत. पाचव्या मजल्याच्या नकाशात कालवा होता, पण घरांच्या जागी कोरा कागद. थांबा तेवढा दोन्हीकडे होता. कुणा शहाण्यानं घरांच्या नकाशावर पट्टी ठेवली, थेट थांब्यापर्यंत रेघ ओढली आणि मोकळा झाला. माणसं कालवा काय उडून ओलांडणार होती?

बाई सकाळीच ते अंतर चालून आल्या होत्या. जुन्या पुलाला वळसा घालून, तीन हजार सहाशे चाळीस मीटर. तेही एका बाजूनं.

घरांचे साहेब आवाज न चढवता समजावू लागले. नियोजन मोठं असतं, बारीकसारीक गोष्टी मागाहून होतात, पूल काय, बस काय, सगळं होईल. बाईंनी विचारलं, होईल ते कोण करणार? साहेबांनी रस्त्यांच्या साहेबांकडे पाहिलं. रस्त्यांच्या साहेबांनी खिडकीकडे.

मग घरांच्या साहेबांनी आवाज खाली आणला.

"तुमच्या सख्ख्या बहिणीचं नावही यादीत आहे ना? सही अडवून घर कुणाचं अडवताय, बाई?"

बहीण दोन वर्षं या घराची वाट पाहत होती. पडदेसुद्धा शिवून ठेवले होते तिनं. गुडघ्यानं अधू, काठी घेऊन चालायची ती.

"तिच्या गुडघ्यांना तुमची पट्टी समजत नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

त्यांनी पेन उचललं. साहेबांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, ते क्षणभरच टिकलं. बाईंनी ४८० वर आडवी काट मारली, शेजारी ३६४० लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली. आता हा दाखला बसशिवाय मंजूर होणं शक्य नव्हतं. बदली करायची तर खुशाल करा, म्हणाल्या, हे चाक तिथंही फिरतं. दाखला त्यांनी टेबलाच्या बरोबर मधोमध सरकवला. दोघांनाही वाचायला वाकावं लागलं.

जिन्यात असतानाच बहिणीचा फोन आला.

"ताई, झाली का गं सही?"

"झाली," बाई म्हणाल्या. "घर लांबलं. दे मला हव्या तेवढ्या शिव्या."

बाई एका हातानं चाक सांभाळत पायऱ्या उतरत राहिल्या.

"पण येशील तेव्हा बसनं येशील," त्या म्हणाल्या.